दात पांढरे झाले, पण शिवशिवतात: कळ कुठून येते आणि ती कशी आवरायची

नोव्हेंबर उजाडला की ईडन प्रेरीत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. एक म्हणजे थंडी. स्टेअरिंग लेकच्या कडेने बर्फाचा पातळ पापुद्रा धरू लागतो आणि सकाळी गाडीची काच खरवडायचं काम मागे लागतं. दुसरी म्हणजे भारतात जायची तयारी. डिसेंबरात कुणाच्या तरी घरी लग्न, मुंज किंवा साठीशांत असते. बॅगांची वजनं होतात, भेटवस्तूंच्या याद्या होतात आणि थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये दात पांढरे करायच्या पट्ट्यांचा एखादा खोकाही घरात येतो. लग्नाचे फोटो आयुष्यभर राहतात, तेव्हा चहाकॉफीने पिवळे पडलेले दात जरा उजळून घ्यावेत, असं वाटण्यात गैर काहीच नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र गार पाण्याचा घोट घेतला की पुढच्या दातांतून सणकन कळ जाते. बाहेर बर्फ उपसताना तोंडाने श्वास घेतला की दात शिवशिवतात. कधी काहीही न खातापिता, नुसतं बसल्याबसल्या एखाद्या दातात वीज चमकल्यासारखं होतं. मग मनात शंका येते, की दाताचं कवच झिजलं का? आता हे कायमचंच झालं का?

थोडक्यात उत्तर असं, की दात मुळात धड असतील तर ही कळ तात्पुरती असते, बहुतेकांची काही दिवसांत जाते आणि आधीपासून तयारी केली तर बरीच कमी करता येते. पण दाताला कीड, चीर किंवा उघडं पडलेलं मूळ असेल तर तीच कळ वेगळंच काही सांगत असते. या दोन कळा वेगळ्या ओळखता याव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

कळ म्हणजे नेमकं काय?

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात मज्जातंतू नसतात, त्यामुळे तो स्वतः दुखत नाही. त्याच्या खाली डेंटिन नावाचा पिवळसर, हाडाच्या जातीचा थर असतो. सगळ्यात आत दाताचा मऊ गाभा, म्हणजे पल्प. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू इथे असतात.

डेंटिन भरीव दिसतं, पण त्यात गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये इनॅमलच्या बाजूला साधारण २० हजार आणि गाभ्याजवळ ४५ हजारांहूनही जास्त. एकेक नळी एक ते तीन मायक्रॉन रुंद असते. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. या नळ्यांमध्ये द्रव भरलेला असतो आणि आतल्या टोकाला मज्जातंतूंची टोकं असतात.

१९६०च्या दशकात स्वीडनमधले दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी दाखवून दिलं, की दाताला कळ येते ती मुख्यतः या द्रवाच्या हालचालीमुळे. उघड्या डेंटिनवर हवेचा झोत सोडला, टिपकागद लावला किंवा गार पाणी टाकलं, की नळीतला द्रव बाहेरच्या दिशेने सरकतो. त्या ओढीने आतल्या मज्जातंतूचं टोक ताणलं जातं आणि मेंदूला कळ कळते. गरम पदार्थाने द्रव उलट्या दिशेला, आणि सावकाश सरकतो. म्हणून बहुतेकांना गरम चहापेक्षा गार पाण्याचा त्रास आधी आणि जास्त होतो.

दाताच्या वरच्या भागात या नळ्यांवर इनॅमलचं झाकण असतं. हिरडीखाली, मुळावर मात्र अगदी पातळ थर असतो. हिरडी मागे सरकली की तो लवकर घासला जातो आणि नळ्यांची तोंडं थेट तोंडात उघडतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

पांढरं करणारं औषध दातात शिरून काय करतं?

दात पांढरे करायच्या बहुतेक सगळ्या उपायांमागे एकच रसायन आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड. कार्बामाइड पेरॉक्साइड हा त्याचाच भाऊबंद. तो तोंडात गेला की त्यातून युरिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटं होतं. घरी रात्रभर ट्रे लावून दात पांढरे करायची पद्धत निघाली तीही योगायोगाने. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आर्कान्सासमधल्या फोर्ट स्मिथ गावातले बिल क्लुस्मायर हे दात सरळ करणारे डॉक्टर आपल्या रुग्णांना हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक ट्रेमध्ये घालून रात्री लावायला सांगत. हिरड्या तर सुधारल्याच, पण दातही उजळले! पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले व्हॅन हेवूड आणि हॅरल्ड हेमन यांनी १९८९ साली ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि ती जगभर गेली.

रंग जातो कसा? हळदीचा डाग पडलेला सदरा दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला की डाग फिका होतो, हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे. हळदीच्या रंगीत रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी असते आणि ती साखळी प्रकाश शोषते, म्हणून रंग दिसतो. उन्हाने साखळी तुटली की रंग नाहीसा होतो. दातांत वर्षानुवर्षं मुरलेल्या रंगीत रेणूंचंही असंच असतं. फरक एवढाच, की तिथे साखळी तोडायचं काम पेरॉक्साइड करतं. म्हणजे इथे दात घासून वा खरवडून पांढरा होत नाही. आतला रंग विरतो, कवच जागेवरच राहतं. जेल आम्लधर्मी नसेल आणि सूचनेप्रमाणे वापरलं असेल तर इनॅमलवर होणारे बारीक बदल लाळेतल्या खनिजांनी भरून निघतात.

मग कळ का येते? कारण पेरॉक्साइडचा रेणू फार लहान असतो. तो धडधाकट इनॅमलमधूनही पाझरतो आणि ५ ते १५ मिनिटांत गाभ्यापर्यंत पोचू शकतो. गाभ्यातली विकरं त्याचा निचरा करत असतात, पण आवक निचऱ्यापेक्षा जास्त झाली की गाभ्याला हलकी सूज येते आणि तिथले मज्जातंतू हळवे होतात. फेसलेल्या मोहरीचा झणका नाकात जातो तेव्हा मज्जातंतूंवरचं जे एक विशिष्ट द्वार उघडतं, तेच द्वार पेरॉक्साइडनेही उघडतं, असं संशोधन सांगतं. म्हणून या दिवसांत गार काही न लागताही अचानक कळ येऊ शकते. एरवीच्या शिवशिवण्यापेक्षा ही कळ वेगळी असते ती इथे. त्यात जेलमधलं ग्लिसरीन दातातलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे नळ्यांतला द्रव हलतो तो वेगळाच.

हा त्रास किती जणांना होतो? वेगवेगळ्या चाचण्यांमधले आकडे १५ टक्क्यांपासून ७८ टक्क्यांपर्यंत आहेत. किती तीव्र औषध, किती वेळ आणि कसले दात, यावर ते अवलंबून असतं. औषध थांबवल्यावर कळ साधारणपणे चार दिवसांत जाते. क्वचित एखाद्याची ३९ दिवस टिकल्याचीही नोंद आहे. खालचे पुढचे दात सर्वांत पातळ असतात, त्यामुळे पहिली तक्रार बहुधा त्यांचीच येते.

खोक्यावरचे आकडे वाचताना

इथे एक गोंधळ हमखास होतो. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड म्हणजे १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड नव्हे. त्यातून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. म्हणजे १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची पट्टी ही १० टक्के कार्बामाइडच्या जेलपेक्षा जवळजवळ तिप्पट तीव्र. कार्बामाइड सावकाश काम करतं, म्हणून ते काही तास किंवा रात्रभर लावतात. हायड्रोजन पेरॉक्साइडची ताकद तासाभरात ओसरते, म्हणून त्याच्या पट्ट्या अर्धा-एक तासाच्या असतात. दवाखान्यात खुर्चीवर वापरतात ते २५ ते ४० टक्क्यांचं असतं.

जास्त टक्के म्हणजे जास्त पांढरे दात, असं मात्र नाही. कमी तीव्रतेचं जेल थोडे जास्त दिवस लावलं तरी शेवटी रंग जवळपास तिथेच येतो. घाईची किंमत आपण कळेच्या रूपाने मोजतो. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याचंही तसंच आहे. दिव्यामुळे टिकाऊ फायदा दिसलेला नाही, शिवशिवणं मात्र वाढतं. दिव्याखालून उठल्याउठल्या दात पांढरेशुभ्र दिसतात त्यात कोरडेपणाचा मोठा वाटा असतो. दातांत पाणी परतलं की रंग थोडा उतरतो.

देशोदेशीचे नियमही वेगळे आहेत. अमेरिकेत या पट्ट्या सौंदर्यप्रसाधनासारख्या दुकानात खुल्या मिळतात. युरोपीय संघात २०१२ पासून ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादनं थेट ग्राहकाला विकता येत नाहीत. ६ टक्क्यांपर्यंतची दंतवैद्यामार्फतच मिळतात आणि १८ वर्षांखालच्यांसाठी ती नाहीत. ब्रिटनमध्येही हाच नियम आहे. म्हणून इथून लंडनच्या किंवा म्युनिकच्या बहिणीसाठी 'इथली चांगली असतात' म्हणून खोका नेण्याआधी विचार करावा.

आपल्या दातांचं पूर्वचरित्र

दुकानातल्या खोक्यावर 'निरोगी दातांसाठी' असं लिहिलेलं असतं. आपले दात निरोगी आहेत का, हे ठरवताना ते कुठे वाढले आणि काय काय सोसून आले, हे पाहावं लागतं.

आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांचं बालपण राखुंडीने, मीठ-कोळशाने किंवा खरखरीत लाल-काळ्या दंतमंजनाने दात घासण्यात गेलं. आईवडील इथे राहायला आलेले असतील तर त्यांच्यापैकी कुणाला मशेरीची सवय असू शकते. तर्जनीने किंवा कडक ब्रशने जोर लावून आडवं घासण्याने हिरड्या मागे सरकतात आणि दाताच्या मुळाशी पाचरीसारखी खाच पडते. या खाचेत डेंटिन उघडं असतं. वरून लावलेलं जेल तिथे पोचलं, की पेरॉक्साइडला इनॅमलचा अडसरच उरत नाही.

दुसरी गोष्ट आंबटाची. चिंच, कैरी, कोकम खाल्ल्यावर 'दात आंबले' असं आपण म्हणतो. साधारण ५.५ च्या खालच्या सामूला इनॅमल विरघळायला लागतं आणि लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. अधूनमधून खाल्लेल्या चिंचेचं लाळ निस्तरते. पण रोज सकाळी लिंबूपाणी आणि दिवसभर सोड्याचे घोट हे गणित लाळेला झेपत नाही. लिंबाने दात घासून ते पांढरे होतात, हा समज तर सोडूनच द्यावा. त्याने कवच झिजतं आणि खालचं पिवळं डेंटिन उलट जास्त दिसू लागतं. सध्या चलनात असलेल्या कोळशाच्या पेस्टचीही तीच कथा. ती सुरक्षित आणि उपयोगी असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं २०१७ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या आढाव्याने म्हटलं. आजीच्या राखुंडीची डबी नवी आली, एवढंच.

तिसरी गोष्ट डागांची जात. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लहानपणी दात तयार होत असताना ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे चट्टे किंवा तपकिरी पट्टे असतात. पेरॉक्साइडने तपकिरी डाग फिके होऊ शकतात, पण पांढरे चट्टे सुरुवातीला आणखी उठून दिसतात. लहानपणी टेट्रासायक्लिन दिलं गेलेल्यांच्या दातांवर करड्या पट्ट्या असतात. त्यांना दोन ते सहा महिने रोज उपचार लागू शकतात. दुकानातला पंधरा दिवसांचा खोका तिथे पुरा पडत नाही. डाग जात नाही म्हणून एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा खोका चढवला, तर पदरी फक्त कळ येते.

आणि एकच दात बाकीच्यांपेक्षा काळपट असेल तर त्याला पट्टी लावूच नये. जुन्या मारामुळे त्याचा गाभा मेलेला असू शकतो. त्याचा एक्स-रे आधी हवा.

सुरू करण्याआधी

म्हणून पहिली पायरी डेंटिस्टची खुर्ची. सहा महिन्यांची साफसफाई बहुतेकांच्या विम्यात असतेच, त्याच भेटीत विचारून घ्यावं: कीड आहे का, जुनं फिलिंग कडेला सुटलंय का, चीर आहे का, मुळं कुठे उघडी आहेत? दात पांढरे करायचा खर्च मात्र विमा सहसा देत नाही. तो एचएसए किंवा एफएसएमधूनही करता येत नाही, कारण करखात्याच्या नियमांत तो वैद्यकीय खर्च धरलेला नाही. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मिनियापोलिसला मिनेसोटा विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाचे दवाखाने आहेत. विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ जास्त लागतो पण पैसे कमी.

कॅप आणि फिलिंगचा रंग पेरॉक्साइडने बदलत नाही. पुढच्या दातांवर फिलिंग असेल तर आजूबाजूचे दात उजळतात आणि ते तसंच राहतं. नवं फिलिंग करायचं तर दात पांढरे केल्यावर दोनेक आठवडे थांबावं, कारण दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हा उपचार पुढे ढकलावा. मुलांना तर नकोच.

सोऱ्याची करामत

कळ कमी करायचं सर्वांत भरवशाचं साधन आपल्या ओळखीचं आहे, सोरा. हो, बंदुकीच्या दारूतला सोरा, म्हणजेच पोटॅशियम नायट्रेट. १९७४ साली मिल्टन होडोश या अमेरिकन दंतवैद्याने शिवशिवणाऱ्या दातांसाठी त्याचा उपयोग मांडला. आज अमेरिकेत 'सेन्सिटिव्ह' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पेस्टांमध्ये ते ५ टक्के असतं.

ते काम कसं करतं? मज्जातंतू संदेश पाठवतो तेव्हा त्याच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि त्यामुळे तो पुढच्या संदेशासाठी पुन्हा सज्ज होतो. बाहेरच आधीपासून पोटॅशियम भरपूर असलं तर त्याला हे सज्ज होणं जमत नाही. डेंटिनच्या नळ्यांतून पोटॅशियम आत पाझरतं, तंतूभोवती साचतं आणि तंतू गप्प राहतो. पण हे एका दिवसात होत नाही. दिवसातून दोनदा घासून दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून कळ आल्यावर ट्यूब शोधायला धावण्यापेक्षा, पट्ट्या सुरू करायच्या दोन आठवडे आधीपासून ही पेस्ट वापरणं शहाणपणाचं. आधी दोन आठवडे असं घासल्याने त्रास कमी होतो, हे हेवूड यांच्याच एका अभ्यासात दिसलं.

वापरताना दोन गोष्टी. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरू नका, म्हणजे औषध दातावर राहील. आणि तुमच्याकडे डेंटिस्टने बनवलेला ट्रे असेल तर त्यात या पेस्टची पातळ रेघ घालून १० ते ३० मिनिटं लावता येते. कळ सुरू झाल्यावर लवकर उतारा द्यायला ही युक्ती चांगली आहे. पेस्टच्या फेसाने काहींच्या हिरड्या चुरचुरतात. त्यांनी डेंटिस्टकडून पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइडचं जेल घ्यावं.

दुसऱ्या जातीच्या पेस्ट नळ्यांची तोंडं बुजवतात. स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन, कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट ही त्यांतली नावं. मुळं उघडी असणाऱ्यांना त्यांचा फायदा होतो. पण पांढरं करताना येणारी कळ गाभ्यातून येते, म्हणून तिथे पहिला मान पोटॅशियम नायट्रेटचा. भारतातून ट्यूब आणणाऱ्यांसाठी सूचना: एकाच नावाच्या पेस्टमध्ये भारतात एक आणि अमेरिकेत दुसरंच औषध असू शकतं. पुढचं नाव न वाचता मागचा 'क्रियाशील घटक' वाचावा.

फ्लोराइडची पेस्टही चालू राहू द्या. मिनेसोटात सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड घालणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचं प्रमाण लिटरला सुमारे ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे चट्टे पाडणाऱ्या पातळीच्या बरंच खाली ठेवतात. घरी आरओ बसवला असेल तर यातलं बरंचसं गाळलं जातं, हे ध्यानात असू द्या.

कळा सुरू झाल्या, आता?

१. एक-दोन दिवस थांबा. थांबल्याने आधीचा परिणाम वाया जात नाही. जिथे सोडलं तिथून पुढे सुरू करता येतं.

२. पुन्हा सुरू करताना रोजच्याऐवजी एक दिवसाआड, गरज पडली तर दोन दिवसांआड लावा.

३. वेळ कमी करा. सूचनेत एक तास असेल तर अर्धा तास. सांगितल्यापेक्षा जास्त वेळ कधीच नाही.

४. तरीही त्रास होत असेल तर कमी टक्क्यांचं औषध घ्या. उजळायला दोन आठवडे जास्त लागतील, इतकंच.

५. जेल थोडंच घाला. ट्रेमधून ओघळून हिरडीवर आलेलं पुसून टाका. हिरडीवर पांढरा चट्टा आला तर तो पेरॉक्साइडचा चटका असतो, तो बहुधा लवकर भरतो. उघड्या मुळांपासून पट्टी दूर ठेवा.

६. या दिवसांत गार पेयं, आइस्क्रीम, लिंबू, चिंच, सोडा, सोलकढी जरा बाजूला. आंबट खाल्लं तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा.

७. ब्रश मऊ, हात हलका, पाणी कोमट.

'पंधरा दिवस पांढरंच खा, हळद-चहा बंद' असाही सल्ला देतात. कॉफी-चहा पिणाऱ्यांवर झालेल्या चाचण्यांत फारसा फरक दिसलेला नाही. तेव्हा वरणातल्या हळदीला घाबरू नका, आंबटाला जपा.

मिनेसोटाची हवा आणि लवंगेचं तेल

३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिस विमानतळावर पारा उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तोंडातली ऊब आणि ती हवा यांत जवळपास ७० अंशांचं अंतर! अशी कोरडी, गार हवा तोंडाने आत घेणं म्हणजे ब्रॅनस्ट्रॉम यांचा हवेच्या झोताचा प्रयोग स्वतःवर करून घेणं. म्हणून हिवाळ्यात दात पांढरे करत असाल तर बाहेर पडताना तोंडावर मफलर घ्या आणि नाकाने श्वास घ्या. फावडं मारताना धाप लागली की तोंड आपोआप उघडतं, तेव्हा त्या दिवसांत बर्फ उपसायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे देता आलं तर उत्तमच.

आईला फोन केला तर ती लवंगेचं तेल लाव म्हणेल. त्यामागे शास्त्र आहे. २०२१ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये दाखवलं, की डेंटिन तयार करणाऱ्या पेशींवर टीआरपीसी५ नावाचं प्रथिन असतं आणि ते दाताला गारवा जाणवून देतं. लवंगेतलं युजेनॉल नेमकं हेच प्रथिन अडवतं. ब्रॅनस्ट्रॉम यांच्या सिद्धांताला मिळालेली ही मोलाची जोड. पण पांढरं करताना आलेली कळ बऱ्याच दातांची असते आणि अख्ख्या जबड्याला तेल लावणं शक्य नसतं. शिवाय न मिसळलेलं लवंगतेल हिरडीला भाजतं आणि आधीच चुरचुरणाऱ्या हिरडीवर ते नकोच.

ही कळ वेगळी आहे, हे कसं ओळखावं?

पेरॉक्साइडची कळ सहसा अनेक दातांत असते, क्षणात येते, क्षणात जाते आणि औषध थांबवलं की दिवसागणिक कमी होते. खालीलपैकी काही दिसलं तर पट्ट्या बंद करून डेंटिस्टला दाखवा:

- एकाच दातात पुन्हा पुन्हा कळ येते.
- गार लागून गेल्यावरही अर्धा मिनिट किंवा जास्त ठणका राहतो.
- गरमने दुखतं आणि गारने बरं वाटतं.
- रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागतो.
- चावताना, विशेषतः दाब सोडताना, टोचल्यासारखं दुखतं. ही चिरेची खूण असू शकते.
- हिरडीला सूज, फोड किंवा पू आहे, ताप आहे.
- औषध थांबवून दोन आठवडे झाले, तरी फरक नाही.

यातलं काहीही 'पट्ट्यांमुळे असेल, जाईल' म्हणून अंगावर काढू नये. पेरॉक्साइडने दाताला कीड लागत नाही, पण आधीपासून असलेली कीड ते चव्हाट्यावर आणतं. वेदनाशामक गोळ्या घेऊन पट्ट्या चालू ठेवण्यात धोका आहे तो हाच. कळ दाबली जाते, कारण तसंच राहतं आणि विमानात बसल्यावर किंवा लग्नाच्या आदल्या रात्री ते डोकं वर काढतं.

उलटं मोजलेलं वेळापत्रक

समजा, २० डिसेंबरला निघायचं आहे. तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी आणि साफसफाई करा. लागलंच तर किडीचं फिलिंग तेव्हाच. त्याच दिवसापासून पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट सुरू. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कमी टक्क्यांचं औषध एक दिवसाआड सुरू करा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थांबा. मधल्या दोन आठवड्यांत रंग स्थिरावतो, उरलीसुरली कळ जाते आणि पुढच्या दाताचं फिलिंग बदलायचं असेल तर त्यालाही जागा राहते.

पुण्या-मुंबईत स्वस्तात करून घ्यायचा बेत असेल तर सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात करा, परतीच्या आदल्या दिवशी नको. ज्याने उपचार केला तो डॉक्टर निदान आठ दिवस हाताशी असावा. शक्य असेल तर तिथे दातांच्या मापाचा ट्रे बनवून घ्या. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि इथे परतल्यावर कमी टक्क्यांच्या जेलसाठी, तसंच सोऱ्याच्या पेस्टसाठीही उपयोगी पडतो.

आणि निघायला आठच दिवस उरले असतील तर? तर यंदा पट्ट्या राहू द्या. डेंटिस्टकडून दात नुसते साफ करून घेतले तरी चहाचे वरवरचे डाग बरेच जातात. मांडवात गार मठ्ठ्याचा पेला हातात आला की तो निर्धास्तपणे तोंडाला लावता येणं, हे दोन छटा जास्त पांढऱ्या दातांपेक्षा मोलाचं आहे.